भोक

जुन्या कचेरीचं म्युझियम झालं
तेव्हा आतली सगळी वायर मी ओढली.
त्यामुळं तिकीट काढताना जरा कसंतरीच वाटलं.
वीस रुपये. ज्येष्ठ नागरिक दहा.
आईकडं आधार कार्ड नव्हतं,
यल्लप्पा म्हणाला, केस दाखव की अम्मा,
आणि दहाचं फाडलं.

बाहेर त्रेचाळीस. आत चोवीस.
मे महिन्यात सोलापूरकराला
इतिहास बघायला एवढं कारण बास.

लोक तसबिरी बघतात,
मी बघतो कुठनं कुठं पाइप गेलाय.
दोन हात जाडीची दगडी भिंत,
तीन बिट मोडले माझे.
साहेबाच्या खोलीत मात्र
ड्रिल लावावंच लागलं नाही.
खांद्याच्या उंचीला आधीच एक भोक होतं,
मूठ जाईल एवढं, कडा झिजून गुळगुळीत.
म्हटलं, वा, कुणीतरी माझ्यासाठीच सोडलंय.
एसीची लाइन त्यातनंच नेली.

पाटी लागली तेव्हा कळलं:
‘पंख्याची दोरी येथून व्हरांड्यात जात असे.’
जात असे.
जशी काय आपली आपणच.

तहसीन मॅडम पुण्यात शिकून आलेल्या.
त्या म्हणाल्या, कागदावर पन्नासच लक्स,
उजेडानं शाई उडते.
म्हणजे एकोणीसशे तीसचा हुकूम
अजून किती वर्षं वाचता येईल
ते माझ्या डिमरवर आहे.

आईनं काचेला नाक लावलं.
वाच की.
वाचलं. रात्री घराबाहेर पडू नये.
घोळका करून उभं राहू नये.
खाली सही, न लागणारी.
हे तर कोरोनात, आई म्हणाली,
गाडीतनं ओरडत गेलते की.
तेव्हा तिची भिजवलेली पानं
सुपातच वाळून कडक झालती,
बिड्या न्यायला कुणी आलंच नाही.
म्हटलं, मध्ये नव्वद वर्षं आहेत अम्मा.
असू दे की, म्हणाली.

पुढच्या दालनात बटण दाबलं की
मिलचा भोंगा वाजतो.
स्पीकर मीच बसवलेत.
आईनं मान तिरकी करून ऐकला,
नायना डबा घेऊन निघायचे तसा चेहरा झाला क्षणभर,
मग म्हणाली, हा आपल्या मिलचा नाही.
खरं आहे. इंटरनेटवरनं घेतलाय.
मी तिला सांगितलं नाही,
आणि मॅडमला पण सांगणार नाही.

माझं शेवटचं बिल अजून
मागच्या नव्या इमारतीत आहे,
या टेबलावरनं त्या टेबलावर.
तिथं लक्स मोजत नाहीत.

पाय भरून आले म्हणून ती
व्हरांड्यात खाली बसली, भिंतीला टेकून.
मी पाणी घेऊन आलो
तर डोळे मिटलेले, पदर गळ्याखाली.
बस इथं, म्हणाली,
इथनं गार येतंय.

वर बघितलं.
माझाच पाइप, आणि त्याच्याभोवती
बोटभर फट.
बुजवायची राहिलेली.
बिलात मात्र लावलीय:
भोकं बुजवणे, चार नग.

दुपारभर कुणीतरी इथंच बसायचं.
दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून, म्हणतात,
म्हणजे डुलकी लागली तरी पाय हलत राहावा.
आतनं त्याच्याकडं काय काय आलं असेल,
चुरुटाचा वास, घंटी, एखादी शिवी.
वारा काही आला नसणार,
तो सगळा आतच.

एम-सील गाडीच्या डिकीत होतं.
दोन मिनिटांचं काम.

आईचा पाय हलत होता.
तसा तो नेहमीच हलतो,
मांडीवर सूप नसलं तरी.

यल्लप्पानं किल्ल्या वाजवल्या.
पाच वाजले ओ.
थांब की बे, म्हटलं,
आत्ताच डोळा लागलाय.